अहो, कुशीवर व्हा

माझे बाबा घोरायचे आणि आमच्या घरात त्याचं कौतुक होतं. "बघा कसे डाराडूर झोपलेत," असं आई आल्या-गेल्याला सांगायची तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसायची. मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात बाबा पाळीवर होते. पाळी सारखी बदलायची, आणि ज्या माणसाची झोप कधी दिवसा तर कधी रात्री होते तो आडवा झाला की घोरणारच, असं सगळ्यांचं मत होतं. जेवताना त्यांचा डोळा लागायचा. घास हातात आणि मान खाली. कुणाच्या बारशाला, मुंजीला गेलो की खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे. "रात्रपाळी झालीय ना त्यांची," आई शेजारच्या बाईला सांगायची. पुढे नोकरी संपली, पाळ्या संपल्या, तरी पेंगणं चालूच राहिलं. तेव्हा आई म्हणायची, "इतक्या वर्षांची सवय आहे, ती कुठे लगेच जाते."

शहाडला आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. रात्रपाळी करून बाबा सकाळी यायचे, आंघोळ करून चहा-पोळी खायचे आणि आतल्या खोलीत झोपायचे. शाळेला सुट्टी असली की आम्हा दोघा भावंडांना बाहेरच्या खोलीत आवाज न करता खेळावं लागायचं. त्यावर आम्ही एक युक्ती काढली होती. आतून घोरण्याचा आवाज येतोय तोवर बोलायला हरकत नाही. आवाज थांबला की गप्प, कारण बाबा जागे होत असणार. पुढे त्याचा खेळच झाला. घोरणं थांबलं की धाकटा भाऊ कुजबुजायचा, "स्टॅच्यू." मग हात वर असेल तर वर, पाय उचललेला असेल तर तसाच. आत एकदम शांत. आम्ही एकमेकांकडे बघत, हसू दाबत उभे. थोड्या वेळानं आतून एक मोठा आचका ऐकू यायचा आणि घोरणं परत सुरू व्हायचं. "ओव्हर," भाऊ म्हणायचा. मधे ज्याचा तोल गेला त्याच्यावर राज्य.

बाबा रात्री घरी असले की हे सगळं आईच्या वाट्याला यायचं. तिच्याकडे त्यावर एकच उपाय होता, तिचं कोपर. झोपेतच ती बाबांच्या बरगडीत कोपर मारायची आणि म्हणायची, "अहो, कुशीवर व्हा." बाबा 'हं' करायचे आणि कुशीवर व्हायचे. रात्रीत हे कितीदा व्हायचं कोण जाणे. सकाळी विचारलं तर दोघांनाही काही आठवत नसे. बाबा चहा पिताना डावी बाजू चोळत म्हणायचे, "तुमच्या आईनं एवढी एक बाजू पोखरून ठेवलीय." आई म्हणायची, "मग घोरू नका." हा संवाद आम्ही इतक्या वेळा ऐकला होता की त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण बाबा प्रत्येक वेळी हसायचे.

बाबा गेले ते डोंबिवलीच्या घरात. निवृत्तीनंतर त्यांनी पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सकाळी आई चहा घेऊन उठवायला गेली आणि ते उठले नाहीत. मी ठाण्याहून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे एकच वाक्य बोलत होते, "झोपेत गेले." त्याला जोडून दुसरं, "पुण्यवान माणूस." मावशी म्हणाली, "कुणाची सेवा घेतली नाही, कुणाला त्रास दिला नाही. असं मरण मागून मिळत नाही." खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आपल्याला पण असंच यावं." सुतकाच्या दिवसांत जो येईल तो हेच म्हणायचा. आई प्रत्येकासमोर मान हलवायची. मलाही ते खरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यानंच मला तेव्हा उभं ठेवलं. बाबा गेले, पण त्यांना काही कळलं नाही. मी वर्षानुवर्षं हे लोकांना सांगत आले. कुणी विचारलं, वडील कशानं गेले, तर मी म्हणायचे, "झोपेत," आणि समोरचा म्हणायचा, "वा." मरणाला वा म्हणण्याची पद्धत आपल्याकडेच असावी.

मी स्वतः घोरते हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं तेव्हा मी ते मानलं नाही. बायका घोरत नाहीत. घोरतो तो नवरा आणि ऐकते ती बायको, अशी ही विभागणी माझ्या डोक्यात पक्की होती. त्यानं एके रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून सकाळी नाश्त्याला लावलं. "हा तुझाच आवाज आहे," मी म्हणाले. तो म्हणाला, "अगं, मी घोरत असताना रेकॉर्ड कसं करणार?" मी चिडले. त्यानंतर तो हॉलमध्ये झोपायला लागला. हे भांडण नव्हतं, पण त्यात बरं वाटण्यासारखंही काही नव्हतं.

मी ठाण्यात एका शाळेत भूगोल शिकवते. सकाळी उठायची तेव्हा डोकं जड असायचं. दुपारच्या तासांना फळ्यावर नकाशा काढताना खडू हातातच राहायचा. पाळी जायच्या वयात असं होतं, हिमोग्लोबिन कमी असेल, कामाचा ताण असेल, असं मैत्रिणी सांगायच्या आणि मी ऐकायची. मग पहिल्या घटक चाचणीला सुपरव्हिजन करताना मी वर्गात खुर्चीवर झोपले. नुसती डुलकी नाही, घोरत झोपले. मुलांनी आधी मनसोक्त कॉपी केली आणि नंतर, पोटभर हसायचं म्हणून, शेजारच्या वर्गातल्या मुलांना दारात आणून मला दाखवलं. हसण्याच्या आवाजानं मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरकडे जा. मी रागावून बोलत नाहीये." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी येऊन रडले, आणि रडता रडता मला झोप लागली.

डॉक्टरबाईंचं हॉस्पिटल टेंभी नाक्याजवळ होतं. बाई तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टेपनं माझ्या गळ्याचं माप घेतलं, तोंडात बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाल्या, "स्लीप अ‍ॅप्निया वाटतोय. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो. स्लीप स्टडी करावी लागेल. एक रात्र इथे झोपायचं. नवरात्राच्या आधी करून घ्या. मंडप लागला की या भागात कुणी झोपत नाही."

मला वाटलं, झोपायचं तर आहे. मी वर्गात झोपते, रिक्षात झोपते, इथे काय अवघड आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. पलंग, पंखा, भिंतीवर धबधब्याचं चित्र, आणि वर कोपऱ्यात माझ्याकडे बघणारा कॅमेरा. कल्याणहून ड्युटीला येणारी एक टेक्निशियन मुलगी होती. तिनं माझ्या केसांत भांग पाडून पाडून चिकट पेस्टनं वायरी लावल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकात नळी दिली, बोटाला चिमटा लावला. हे सगळं करताना ती मला तिच्या नणंदेच्या साखरपुड्याबद्दल सांगत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, बाथरूमला जायचं असेल तर आवाज द्या. स्वतःहून उठू नका, सगळं निघेल. आता बिनधास्त झोपा." मग दिवा बंद करून ती पलीकडच्या खोलीत जाऊन बसली.

मी झोपले नाही. कुणीतरी बघतंय हे माहीत असलं की झोप येत नाही, हे मला त्या रात्री कळलं. कूस बदलावी तर वायर ओढली जायची. डोळे मिटले की वाटायचं, आता मी घोरणार आणि ते रेकॉर्ड होणार. सकाळी माझ्या केसांत पेस्टच्या गाठी होत्या आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर कीव होती. "काहीच नाही झालं मॅडम," ती म्हणाली. मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं.

"झोपच लागली नाही तर मी मोजू काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "परत या. या वेळी मी एक गोळी लिहून देते."

"झोपेची?"

"झोपेची. सौम्य आहे. पण घरून घेऊन येऊ नका. इथे या, वायरी लावून होऊ देत, मग तिच्या समोर घ्या. आणि सकाळी स्वतः गाडी चालवायची नाही."

मी विचारलं, "एवढं साधं होतं तर मग रोज घरीच घेतली असती. झोप तरी लागली असती नीट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्या सावकाश बोलल्या. "तेच करू नका म्हणून सांगतेय. घसा मिटला, श्वास थांबला की मेंदू तुम्हाला जागं करतो. पूर्ण नाही, तेवढ्यापुरतं. तुम्ही आचका देता, श्वास घेता, परत झोपता. ती जाग तुम्हाला आठवत नाही, पण तीच तुम्हाला वाचवते. काही गोळ्या घसा आणखी सैल करतात आणि ही जागही उशिरा आणतात. ही गोळी त्यातल्या त्यात बरी आहे, आणि इथे तुमच्यावर रात्रभर कुणाचं तरी लक्ष आहे. घरी कोण बघणार आहे?"

माझा नवरा हॉलमध्ये झोपतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला ती गोळी मी त्या मुलीच्या समोर घेतली. पांढरी, लहानशी, चवीला कडू. पाणी पिऊन आडवी झाले. नणंदेचा साखरपुडा पार पडला होता आणि जेवणात पनीर कमी पडलं होतं, इथपर्यंत मी ऐकलं. पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा खिडकीत उजेड होता. मध्ये काही नव्हतं. स्वप्न नव्हतं, तहान नव्हती, कूस नव्हती. इतकी छान झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, आणि मी तसं त्या मुलीला म्हणालेही. ती वायरी सोडवत होती. तिनं नुसतं "हो का," म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. माझी ती छान रात्र तिथे होती, एकाखाली एक चाललेल्या रेघांमध्ये. "हा तुमचा श्वास," त्या म्हणाल्या. रेघ वर-खाली जात होती, मग एके ठिकाणी सपाट झाली. सपाटच राहिली. खालची रक्तातल्या ऑक्सिजनची रेघ हळूहळू उतरत गेली. मग वरच्या रेघेनं एकदम उंच उडी मारली आणि पुन्हा वर-खाली सुरू झालं. बाईंनी पुढे सरकवलं. परत तेच. परत सपाट, परत उडी. "असं रात्रभर," त्या म्हणाल्या. "सिव्हिअर आहे. मशीन लावावं लागेल झोपताना, मास्कमधून हवा सोडून घसा उघडा ठेवणारं."

मी त्यांचं पुढचं ऐकत नव्हते. मी त्या सपाट रेघेकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात शहाडची बाहेरची खोली होती, मी एक पाय उचलून उभी होते आणि भाऊ हसू दाबत होता. रेघ सपाट झाली की स्टॅच्यू. रेघेनं उडी मारली की ओव्हर. आतल्या खोलीत आमच्या बाबांचा श्वास थांबायचा आणि बाहेर आम्ही त्यावर खेळायचो. लहान होतो, आम्हाला काय कळणार होतं, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. ते खरंही आहे. त्यानं बरं काही वाटलं नाही.

"माझे वडील असेच घोरायचे," मी म्हणाले. "ते झोपेत गेले. ह्यानंच गेले असतील का?"

बाईंनी स्क्रीन परत स्वतःकडे फिरवला. "आता नक्की कुणालाच सांगता येणार नाही. हार्ट असू शकतं. हे असू शकतं. हे असलं की हार्टवरही ताण येतो." मग त्यांनी विचारलं, "रात्री त्यांना कुणी हलवून उठवायचं का?"

"आई. कोपर मारायची. कुशीवर व्हा म्हणायची."

"उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. कुशीवर झालं की बऱ्याच जणांचा घसा मोकळा राहतो." त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "तुमच्या आईनं त्यांना बरीच वर्षं दिली म्हणायची."

हॉस्पिटलबाहेर ट्रकमधून मंडपाचे बांबू उतरत होते. मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि भावाला फोन लावला. तो बेंगळुरूला असतो. त्याला स्टॅच्यू आठवत होतं. मी सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस. ती 'झोपेत गेले' यावर जगतेय. तेवढं तिच्याकडे राहू दे." मला ते पटलं. बाबा शांतपणे गेले नसतील, गुदमरले असतील, हे पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला सांगून मला काय मिळणार होतं? आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं नाही.

पण बाईंचं ते शेवटचं वाक्य मला सोडवेना. ते चांगलं वाक्य होतं. आईच्या कोपराची आयुष्यभर चेष्टा झाली, आणि तेच औषध होतं. हे तिला कळायला हवं, असं मला वाटत राहिलं. वाईट तेवढं वगळायचं आणि चांगलं तेवढं सांगायचं, मी मास्तरीण आहे, मला ते जमतं, असा माझा समज होता.

मशीन घेतल्यावर पहिल्याच शनिवारी मी डोंबिवलीला राहायला गेले. मशीन त्याच्या काळ्या बॅगेत होतं. आईनं बॅग उघडून मास्क हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हे लावून झोप लागते?" मी म्हटलं, सवय होते. ती परत जमिनीवर बसून मेथी निवडायला लागली. मीही समोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली. आईशी महत्त्वाचं बोलायचं ते भाजी निवडतानाच, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. तोंडाकडे बघावं लागत नाही.

"आई, बाबांनासुद्धा हेच होतं बहुतेक," मी म्हणाले. "आणि डॉक्टर काय म्हणाल्या माहितीये? तू कोपर मारून त्यांना कुशीवर करायचीस ना, त्यानंच ते इतकी वर्षं नीट राहिले. तुमच्या आईनं त्यांना बरीच वर्षं दिली, असं म्हणाल्या मला."

मला वाटलं ती हसेल. लाजेल तरी. तिचे हात थांबले नाहीत. ती पानं खुडत राहिली, काड्या एका बाजूला, पानं ताटात. मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री मी कोपर मारलं असतं तर."

मी म्हणाले, "तसं नाही गं. कधीतरी होणारच—"

"माझा उजवा खांदा धरला होता तेव्हा. आठवतंय तुला?"

आठवत होतं. खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. वेणीसुद्धा बाबा घालून द्यायचे, वेडीवाकडी.

"रात्र रात्र दुखायचं. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली होती. मी घेत नव्हते. म्हटलं, यांच्याकडे कोण बघणार. त्या रात्री यांनीच गोळी काढून हातावर ठेवली. पाणी आणलं. म्हणाले, घे आणि गुमान झोप. आज तरी माझ्या बरगड्यांना सुट्टी दे." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मी घेतली. आणि झोपले."

मी ताटातली पानं उगाच सारखी केली.

"तुम्हा सगळ्यांना वाटायचं, ते घोरतात म्हणून मी मारते," आई म्हणाली. "घोरत असले की मला छान झोप लागायची. थांबले की जाग यायची. ते थांबले की मी मारायची. लग्न झाल्यापासून तसंच. मला कुणी सांगितलं नव्हतं. थांबले की भीती वाटायची, एवढंच. त्या रात्री ते थांबले आणि मला जाग आली नाही."

"आई, त्यांना काही कळलं नसेल," मी म्हणाले. हे मी तिला बरं वाटावं म्हणून सांगत नव्हते, ते मला अनुभवानं ठाऊक होतं. "मी त्या हॉस्पिटलात गोळी घेऊन झोपले ना, तेव्हा माझा श्वास रात्रभर थांबत होता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. उलट सकाळी वाटलं, किती छान झोप झाली. खरंच सांगते. आतून काही कळत नाही."

"त्यांना नसेल कळलं," आई म्हणाली. "मला कळायला हवं होतं ना." मग ती ताट उचलून, कमरेवर हात ठेवून उठली. "सगळे पुण्यवान पुण्यवान म्हणत होते. मी मान हलवली. काय सांगणार होते?"

म्हणजे भावाला आणि मला जे तिच्यापासून लपवायचं होतं, त्याच्यासकट ती इतकी वर्षं एकटी राहत होती. 'झोपेत गेले' हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या उपयोगाचं होतं. तिला त्याचा काही उपयोग नव्हता. दर वेळी कुणी ते म्हणालं की तिला काय ऐकू येत असेल, याचा मी नंतर बराच विचार केला आहे. तेव्हा मी फक्त खाली पडलेल्या काड्या गोळा केल्या.

रात्री मी बाबांच्या जागेवर झोपले, कारण प्लग त्या बाजूला होता. मास्क चढवला, मशीन सुरू केलं. त्याला आवाज जवळजवळ नाही, आणि मास्क लावला की मी घोरत नाही. नवरा त्यावर फार खूश आहे. आई दिवा मालवून शेजारी आडवी झाली. मला डुलकी लागली असेल, मग जाग आली. आई उठून बसली होती आणि वाकून माझ्या तोंडाशी कान आणत होती. मी हात हलवला तशी आडवी झाली. थोड्या वेळानं परत तेच. तिसऱ्यांदा तिनं माझ्या नाकाशी हात धरला, पण मास्कमुळे तिला काही समजेना, तेव्हा तो हात माझ्या छातीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

"आई, झोप ना," मी मास्कच्या आतून म्हणाले.

"तू झोप. मला नाही येत लवकर," ती म्हणाली. "आता फार शांत असतं गं रात्री."

मशीन रोज लावायचं, एक रात्रही चुकवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं. ते बरोबरच आहे, आणि ती रात्र सोडली तर मी कधी चुकवलेलं नाही. मी बटण बंद केलं, मास्क काढून उशाशी ठेवला आणि उताणी झोपले.

सकाळी आई गॅसपाशी उभी होती. मी विचारलं, "झोप लागली का?"

"लागली की," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी लागली. रात्रीतलं काही आठवत नाही बघ."

मी चहा घेऊन खुर्चीत बसले. डाव्या बरगडीत चांगलंच दुखत होतं.